महाळुंग, कवठ आणि अव्यक्त राशी

इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यास, मान्यखेटच्या राष्ट्रकूट सिंहासनावर अमोघवर्ष नृपतुंग विराजमान असताना, त्याची स्तुती ग्रंथारंभी करून महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचिला, आणि त्यातील मिश्रकव्यवहाराच्या प्रकरणात फळबाजारातला एक छोटासा हिशेब वाचकापुढे ठेविला. नऊ महाळुंगे आणि सात सुवासिक कवठे यांची एकत्र किंमत १०७ होते, आणि सात महाळुंगे व नऊ कवठे घेतली तर ती १०१ होते. तेव्हा एकेका फळाचे मोल पृथक् करून सांगावे, असा त्या हिशेबाचा आशय आहे. मान्यखेट म्हणजे आजचे मालखेड आता कर्नाटकात मोडते खरे. तथापि वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने कोरविले त्याच घराण्याच्या छत्राखाली हा ग्रंथ सिद्ध झाल्यामुळे, महाराष्ट्राच्या विद्येचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने त्याची दखल घेणे क्रमप्राप्तच ठरते.

या उदाहरणासाठी महावीराने दिलेली रीत संक्षिप्त आहे. मोठ्या किमतीस फळांच्या मोठ्या संख्येने गुणावे, लहान किमतीस लहान संख्येने गुणून ते पहिल्यातून वजा करावे, आणि जी बाकी राहील तिला त्या दोन संख्यांच्या वर्गांच्या अंतराने भागावे. १०७ ला ९ ने गुणिले असता ९६३ येतात आणि १०१ ला ७ ने गुणिले असता ७०७. त्यांचे अंतर २५६. आणि ८१ व ४९ यांचे अंतर ३२. यास्तव महाळुंगाची किंमत ८. तद्वत् १०१ ला ९ ने व १०७ ला ७ ने गुणून येणाऱ्या ९०९ व ७४९ या राशींचे अंतर १६० असून त्यास ३२ ने भागता कवठाची किंमत ५ येते. सूत्राच्या पोटातला युक्तिवाद ग्रंथकाराने उघड करून दाखविला नसला तरी तो सहज शोधिता येतो. पहिली खरेदी नऊ वेळा केली असे मानावे, म्हणजे ८१ महाळुंगे व ६३ कवठे ९६३ ला पडतील. दुसरी खरेदी सात वेळा केली असे मानावे, म्हणजे ४९ महाळुंगे व तितकीच ६३ कवठे ७०७ ला पडतील. दोहोंची वजाबाकी करताच कवठे हिशेबातून निघून जातात आणि केवळ ३२ महाळुंगांची किंमत हाती उरते. आजच्या शालेय पुस्तकांत ज्याला एकसामयिक समीकरणांची लोपपद्धती म्हणतात तीच ही होय. अकराशे वर्षांत तिच्यात तत्त्वतः काहीही फरक पडलेला नाही.

परंतु शाब्दिक उदाहरण सोडविण्याच्या या विद्येचा इतिहास केवळ लोपाचा इतिहास नव्हे. तिची अंगे तीन आहेत. जे ठाऊक नाही त्याला काही संज्ञा देऊन ते हाती धरणे, हे पहिले. प्रश्नातील वाक्यांचे राशींच्या समत्वात रूपांतर करणे, म्हणजे मांडणी, हे दुसरे. आणि एकेक अज्ञात राशी काढून टाकीत अखेर एकच उरेल असे करणे, हे तिसरे. यांपैकी तिसरे अंग फार प्राचीन काळीच, आणि तेही परस्परांपासून दूर असलेल्या देशांत, नियमबद्ध झाले. पहिल्याला परिपूर्णता येण्यास शतकानुशतके लागली. आणि दुसरे अंग, सर्वांत कठीण असे, आजतागायत कोणत्याही नियमाच्या ताब्यात पूर्णपणे आलेले नाही. पुढील विवेचनाचा रोख या तिन्हींच्या तारतम्याकडे आहे.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात एक आर्या अशी आहे की, तीत दोन माणसांपाशी काही गुलिका आणि काही रोख रूपके असून दोघांचे एकूण धन समान आहे असे मानिले आहे. गुलिका म्हणजे जिचे मोल अज्ञात आहे अशी वस्तू. आणि तिचे मोल काढावयाचे तर रोख रकमांच्या अंतरास गुलिकांच्या अंतराने भागावे, इतकाच तेथील आदेश. येथे अज्ञात राशी एकच आहे, परंतु तिला हाताळता येण्याजोगे एक रूप मिळाले आहे, आणि समान धनाचे दोन पक्ष तराजूच्या दोन पारड्यांसारखे समोरासमोर ठेवण्याची कल्पनाही तेथे स्पष्ट आहे. पुढील सहाशे वर्षांच्या भारतीय गणितात ही समधनाची कल्पना पुनःपुन्हा येते.

तिचे एक मनोहर उदाहरण बक्षाली येथे सापडलेल्या भूर्जपत्रांत आहे. पेशावरनजीकच्या त्या गावी १८८१ साली एका शेतकऱ्याला जमीन खणताना ही जीर्ण पोथी मिळाली, आणि ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तीतील एका प्रश्नात तिघे धनी आहेत. एकापाशी अश्व जातीचे सात घोडे, दुसऱ्यापाशी हय जातीचे नऊ घोडे आणि तिसऱ्यापाशी दहा उंट आहेत. प्रत्येकाने आपल्या जनावरांपैकी एकेक जनावर इतर दोघांना दिले, आणि मग तिघेही समान धनाचे झाले. येथील तोड अशी की, धन्यांची संख्या तीन, म्हणून प्रत्येकाच्या जनावरांतून तीन वजा करावे. ४, ६ आणि ७ उरतात. आणि या तिन्हींनी ज्या राशीस भाग जाईल अशी १६८ ही राशी घेऊन तीस क्रमाने भागिले असता घोड्यांची मोले ४२ व २८ आणि उंटाचे २४ येतात. देवघेवीनंतर प्रत्येकाचे धन २६२ होते, याचा ताळा कोणासही पाहता येईल. वजा करण्यामागचे मर्म असे की, विनिमयानंतर तिन्ही धन्यांपाशी प्रत्येक जातीचे किमान एकेक जनावर आहेच. तेवढा समान भाग तिघांच्याही धनातून काढून टाकिला तरी समत्व ढळत नाही, आणि मग चार अश्व, सहा हय आणि सात उंट एवढेच एकमेकांच्या मोलाचे उरतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. अशा उदाहरणांतील भाव पाहून त्या काळचे बाजारभाव अनुमानण्याचा मोह अनेकांस होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु वरील प्रश्नात १६८ च्या ठिकाणी ३३६ घेतले तरी उत्तर तितकेच खरे ठरते, म्हणजे किमतींचे परस्पर प्रमाण तेवढे प्रश्नाने ठरविले आहे, किमती ठरविलेल्याच नाहीत. उदाहरणकर्त्यांनी आकडे निवडिले ते भाग निःशेष जावा म्हणून. बाजाराच्या जमाखर्चाशी त्यांची रुजवात घालणे व्यर्थ होय. अशा ग्रंथांतून खरे जे समजते ते निराळे आहे: घोडा आणि उंट, महाळुंग आणि कवठ, मोती आणि माणिक ही मूल्यवान वस्तूंची यादी, भागीदारी, परस्परदान आणि हवाला या व्यवहारांची ओळख, आणि वस्तूंच्या अदलाबदलीमागे समत्वाचे एखादे तत्त्व शोधण्याची त्या समाजाची सवय.

महावीराच्याच ग्रंथातील दुसऱ्या एका प्रश्नात तीन व्यापाऱ्यांना वाटेत पडलेली एक थैली दिसते. पहिला म्हणतो, ही थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या एकत्र धनाच्या दुप्पट माझे धन होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर माझे तिप्पट होईल. आणि तिसरा पाचपटीची बढाई मारितो. थैलीत १५ असतील तर व्यापाऱ्यांपाशी अनुक्रमे १, ३ आणि ५ असले पाहिजेत: १६ ही ८ ची दुप्पट, १८ ही ६ ची तिप्पट आणि २० ही ४ ची पाचपट. रस्त्यात पडलेल्या या थैलीने पुढे फार दूरचा प्रवास केलेला दिसतो. कारण पिसा येथील लिओनार्दो, ज्याला फिबोनाची म्हणतात, त्याच्या १२०२ सालच्या ‘लिबेर आबाची’ ग्रंथात थैली सापडलेल्या माणसांची उदाहरणे विपुल आहेत. व्यापारी मालाबरोबर कोडीही नेतात, आणि कोड्यांवर कोठलीच जकात नसल्यामुळे त्यांचा माग दप्तरांत सापडत नाही.

प्राचीन चीन देशात याच विद्येने घेतलेले वळण मात्र सर्वस्वी वेगळे होते. हान राजवटीच्या काळात सिद्ध झालेल्या ‘गणिताचे नऊ अध्याय’ या ग्रंथाचा आठवा अध्याय केवळ अशाच प्रश्नांना वाहिलेला असून त्यात १८ उदाहरणे आहेत. पहिल्यात धान्याच्या पेंढ्यांचा हिशेब आहे: उत्तम प्रतीच्या तीन, मध्यम प्रतीच्या दोन आणि हलक्या प्रतीची एक अशा पेंढ्यांतून ३९ मापे धान्य निघते, दोन, तीन व एक यांतून ३४, आणि एक, दोन व तीन यांतून २६. चिनी गणक हे सर्व आकडे काड्यांच्या साहाय्याने पटावर उभ्या रांगांत मांडीत असे, एका रांगेस दुसरीच्या शिरोभागीच्या आकड्याने गुणीत असे, आणि तो शिरोभाग शून्य होईपर्यंत एकीतून दुसरी वजा करीत असे. असे करीत करीत शेवटच्या रांगेत एकाच प्रतीचे धान्य उरले की तेथून उलट चढत जाऊन तिन्ही प्रतींची उत्तरे ९¼, ४¼ आणि २¾ मिळत. वजाबाकीत ऋण राशी उद्भवतात म्हणून धन राशींसाठी तांबड्या आणि ऋण राशींसाठी काळ्या काड्या वापराव्यात, असे इसवी सन २६३ मध्ये या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या लिउ हुइने सांगितले आहे. या पद्धतीत अज्ञात राशीला संज्ञाच नाही. पटावरील तिचे स्थान हीच तिची ओळख. मांडणी एकदा झाली की पुढचे सर्व काम हातांचे, आणि ते हात काय करीत आहेत याचा विचारही करावा लागत नाही, अशी ती पूर्ण यांत्रिक रीत होती.

ग्रीकांकडे पाहिले असता नेमकी उलट स्थिती आढळते. युक्लिडाच्या नावावर मोडणाऱ्या एका कोड्यात ओझे वाहणारे खेचर कुरकुरणाऱ्या गाढवीला म्हणते की, तुझ्यावरील एक माप माझ्यावर आले तर माझे ओझे तुझ्या दुप्पट होईल, आणि माझ्यावरील एक तुझ्यावर गेले तर आपण समान होऊ. त्यांची ओझी ७ व ५ मापांची निघतात. परंतु अशा प्रश्नांचे प्रगल्भ विवेचन करणाऱ्या डायोफँटसापाशीदेखील अज्ञात राशीसाठी एकच चिन्ह होते, त्यामुळे अनेक अज्ञातांच्या प्रश्नात बाकीच्या राशी त्या एकीच्याच रूपात सांगण्याची युक्ती त्यास प्रत्येक वेळी नव्याने योजावी लागे. चिन्यांनी लोपाला पूर्णत्व दिले आणि अज्ञातांना अनामिक ठेविले; ग्रीकांनी एका अज्ञाताला चिन्ह दिले, परंतु त्यापुढे ते गेले नाहीत.

अनेक अज्ञातांना अनेक संज्ञा देण्याचे कार्य भारतात घडले. भिल्लमाल, म्हणजे राजस्थानातील भीनमाळ, येथे इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताने आपल्या कुट्टकाध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या संकलनादी क्रियांचे नियम दिले आणि अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींचा ऊहापोह करताना त्यांस वर्ण ही संज्ञा वापरली. पुढे हीच परंपरा स्थिरावली: पहिला अव्यक्त यावत्तावत्, दुसरा कालक, तिसरा नीलक, चौथा पीतक, पाचवा लोहितक, आणि गरज पडेल तसे आणखी रंग. लेखनात त्यांचे आद्याक्षर तेवढे येई, ज्ञात संख्येपूर्वी रूप शब्दाचे रू येई, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक बिंदू ठेवीत. दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहीत, आणि ज्या पक्षात एखादा वर्ण नसेल तेथे त्याच्या नावे शून्य मांडीत, जेणेकरून स्तंभ मोडू नये. चिनी पटाची शिस्त आणि संज्ञांची सोय या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच पाटीवर आल्या.

या पाटीवरचे सर्वश्रेष्ठ काम भास्कराचार्यांचे होय. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या आणि सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे स्वतःच सांगणाऱ्या या पंडिताने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे शके १०७२ मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानिले जातात. ‘बीजगणिता’त एका प्रश्नातील दोघांपैकी एकापाशी पाच माणके, आठ नीलमणी, सात मोती आणि ९० नाणी आहेत, दुसऱ्यापाशी अनुक्रमे सात, नऊ, सहा आणि ६२ नाणी आहेत, आणि दोघेही समधन आहेत, तर रत्नांची मोले सांगावयाची. अनेकवर्णसमीकरणात त्याचा न्यास, म्हणजे मांडणी, अशी होते:

या ५ का ८ नी ७ रू ९०
या ७ का ९ नी ६ रू ६२

आर्यभटाची समधनाची आर्या येथे तीन अव्यक्तांपर्यंत वाढलेली आहे. भास्कराचार्यांच्या नियमानुसार पहिला वर्ण एका पक्षात आणि बाकीचे वर्ण व रूपे दुसऱ्या पक्षात न्यावयाची. येथे दोन यावत्तावत् बरोबर ऋण एक कालक, धन एक नीलक आणि २८ रूपे असे उरते, आणि त्यास दोहोंनी भागिले की यावत्तावताचे मान मिळते. समीकरणे आणखी असती तर एकाच वर्णाची आलेली निरनिराळी माने परस्परांशी सम करून पुढचा वर्ण काढावयाचा होता. परंतु येथे विधान एकच आणि अव्यक्त तीन आहेत. अशा वेळी प्रश्न अपुरा आहे असे म्हणून तो टाकून न देता भास्कराचार्य त्याची कुट्टकाने, म्हणजे पूर्णांक उत्तरे काढण्याच्या रीतीने, तड लावितात आणि पूर्णांक उत्तरांची मालिकाच समोर ठेवितात: मोत्याचे मोल १ धरिले तर माणिक १४ व नीलमणी १, अथवा माणिक १३ व नीलमणी ३, आणि याप्रमाणे पुढे. हाच प्रश्न त्यांनी एकवर्णाच्या प्रकरणातही घेतला आहे, आणि तेथे मोले ३, २ आणि १ या प्रमाणात आहेत असे गृहीत धरून १२, ८ व ४ हे उत्तर आणि प्रत्येकी २४२ हे धन काढिले आहे. एकाच उदाहरणाला दोन घरी ठेवण्यामागे त्यांचा हेतू शिक्षकाचा आहे: किती विधाने असली म्हणजे किती अव्यक्त उकलतात, आणि एखादे विधान कमी पडले तर त्याची जागा गृहीतकाने कशी भरून निघते, हे शिष्याने एकाच वस्तूवर दोनदा पाहावे.

‘लीलावती’त बक्षालीच्या घोड्यांचाच प्रश्न रत्नपारख्यांच्या वेषात पुनरपि भेटतो. चौघांपाशी अनुक्रमे आठ माणके, दहा नीलमणी, शंभर मोती आणि पाच हिरे आहेत. प्रत्येकाने इतर तिघांस आपले एकेक रत्न दिले आणि चौघे समधन झाले. चार वजा करता ४, ६, ९६ आणि १ उरतात, ९६ ही राशी कल्पिली असता मोले २४, १६, १ आणि ९६ येतात, आणि प्रत्येकाचे धन २३३ होते. एक रीत वायव्य सरहद्दीच्या भूर्जपत्रावरून सह्याद्रीच्या छायेपर्यंत, जनावरे सोडून रत्ने धारण करीत, जशीच्या तशी आली, यावरून ही उदाहरणे एखाद्या ग्रंथकाराची मालमत्ता नसून गुरुशिष्यपरंपरेचे सामायिक भांडवल होते असे म्हणणे प्राप्त होते. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर नाण्यांत शंभर पक्षी आणावयाचा जो प्रश्न ‘बीजगणिता’त आहे, त्याची भावंडे चीन आणि अरब देश या दोहोंतही आहेत. तीन नाण्यांस पाच पारवे, पाच नाण्यांस सात सारस, सात नाण्यांस नऊ हंस आणि नऊ नाण्यांस तीन मोर असा त्यातील भाव आहे. आणि १५ पारवे, २८ सारस, ४५ हंस व १२ मोर हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक होय.

परंतु भास्कराचार्यांच्या बुद्धीचे वैशिष्ट्य ज्यात विशेषत्वाने प्रकट होते ते उदाहरण याहून साधे आहे. एकजण मित्राला म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन. दुसरा उत्तर देतो, तूच मला दहा दिलेस तर मी तुझ्या सहापट होईन. दोन माणसे, दोन अज्ञात धने, दोन विधाने: आजचा विद्यार्थी निःशंकपणे दोन अक्षरे मांडील. यावत्तावत् आणि कालक हे दोन्ही वर्ण हाताशी असताना भास्कराचार्य मात्र येथे एकच वापरितात. पहिल्याचे धन दोन यावत्तावत् उणे १०० आणि दुसऱ्याचे एक यावत्तावत् अधिक १०० असे ते कल्पितात. अशा कल्पनेने पहिले विधान आपोआपच पाळिले जाते, कारण शंभरांची देवघेव होताच एकाकडे दोन आणि दुसऱ्याकडे एक यावत्तावत् उरतो. मग केवळ दुसऱ्या विधानाचे समीकरण करावयाचे: यावत्तावत् अधिक ११० ही राशी, दोन यावत्तावत् उणे ११० हिच्या सहापट. त्यातून ११ यावत्तावत् बरोबर ७७०, म्हणून यावत्तावत् ७०, आणि धने ४० व १७०. डायोफँटसाला जे चिन्हांच्या दारिद्र्यामुळे करावे लागले ते भास्कराचार्य संपन्नतेत राहून स्वेच्छेने करितात. कारण अव्यक्त कोणाला म्हणावयाचे याची निवड योग्य झाली तर लोपाचे निम्मे काम मांडणीतच होऊन जाते. बीजगणित अक्षरांत नसून बुद्धीत आहे, असे जे त्यांनी अन्यत्र प्रतिपादिले आहे, त्याचा यापरता चोख दाखला मिळणे कठीण.

या विद्येच्या पालनपोषणाचा एक लेख खानदेशात चाळीसगावानजीकच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या दरबारात मानाचे स्थान दिले, आणि नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्या चंगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास उत्पन्न लावून दिले. शके ११२८ चा हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणिला. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात असून शेवटी मराठी मजकूर आहे, आणि तो मराठीच्या प्राचीनतम शिलालेखांत गणिला जातो. त्या मराठी भागाचा विषय काव्य नव्हे, धर्मोपदेशही नव्हे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर सरकारात जमा होणारे हक्क मठाकडे वर्ग केल्याची ती नोंद आहे. ज्या बाजाराने या शास्त्राला फळे, रत्ने आणि व्यापारी पुरविले, त्याच बाजाराच्या वसुलातून त्या शास्त्राचे विद्यार्थी पोसले गेले, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अन्वर्थक आहे.

यादवांचे राज्य बुडाल्यावरही अध्ययनाची परंपरा तुटली नाही. कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून तेथील रीतींच्या उपपत्ती दिल्या. आणि विदर्भातील पयोष्णीतीरच्या दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञांनी सतराव्या शतकाच्या प्रारंभी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका रचिली. कृष्ण दैवज्ञांस जहांगीर बादशहाचा आश्रय होता. अकबराच्या हुकमावरून फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा आधीच केला होता, शहाजहानच्या कारकिर्दीत, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने ‘बीजगणिता’चाही केला, आणि हा अताउल्ला ताजमहालाचा वास्तुकार मानल्या गेलेल्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र होता.

युरोपात याच सुमारास पहिल्या अंगाला, म्हणजे अज्ञातास संज्ञा देण्याला, अंतिम स्वरूप आले. फ्रान्समधील व्हिएत याने १५९१ मध्ये अज्ञात राशींप्रमाणेच ज्ञात राशींसही अक्षरे दिली, आणि त्यामुळे एकेका उदाहरणाच्या ठिकाणी उदाहरणांच्या संपूर्ण जातीचाच विचार करता येऊ लागला. देकार्तने १६३७ मध्ये वर्णमालेतील शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी राखून ठेविली. तिसऱ्या अंगाचे, म्हणजे लोपाचे, पुढचे यांत्रिकीकरण जपानच्या सेकी ताकाकाझूने आणि जर्मनीच्या लाइब्निट्झने, सतराव्या शतकाच्या अखेरीस, परस्परांस न जाणता निश्चयकांच्या कल्पनेने आरंभिले. १७५० साली क्रेमर या स्विस गणितज्ञाने त्यास सूत्राचे रूप दिले. आणि आकाशस्थ गोलांच्या कक्षा काढताना गौसने एकोणिसाव्या शतकाच्या प्रथम दशकात जी क्रमवार लोपाची रीत व्यवस्थित केली तिला त्याचे नाव चिकटले, यद्यपि पेंढ्यांचा हिशेब मांडणाऱ्या चिनी गणकाने तिला तत्काळ ओळखिले असते.

आमच्या प्रांतात ही विद्या परत आली तेव्हा एक विलक्षण प्रकार घडला. १८१३ साली स्ट्रेची याने फारसीवरून ‘बीजगणित’ इंग्रजीत उतरविले, १८१६ साली जॉन टेलर याचे ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर खुद्द मुंबईत छापले गेले, आणि १८१७ साली कोलब्रुकने ब्रह्मगुप्त व भास्कर यांचे गणित लंडनमध्ये प्रसिद्ध केले. असे असता, १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या आश्रयाने जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके तयार केली ती इंग्रजी ग्रंथांवरून. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत तेव्हा धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होत, आणि शेर, पायली, मण, खंडी यांचे कोष्टक मुलाच्या जिभेवर खेळे. कारकुनी पेशास तेवढी सिद्धता पुरेशी होती. भास्कराचार्यांचे वर्ण मात्र शास्त्र्यांच्या घरीच राहिले, आणि मराठी मुलाची अव्यक्त राशीशी पहिली ओळख क्ष व य या अक्षरांनी, इंग्रजी पुस्तकाच्या मार्गाने झाली. पुढे विनायक पांडुरंग खानापूरकर शास्त्र्यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ मराठीत आणिले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या परंपरेचा साधार इतिहास लिहिला, परंतु तोवर शाळेची घडी बसून गेली होती.

त्या घडीत शाब्दिक उदाहरणाला मिळालेले स्थान विचार करण्याजोगे आहे. प्राचीन ग्रंथांत सूत्र आणि उदाहरण लगोलग येतात, प्रत्येक सूत्राची परीक्षा एखाद्या व्यवहारात होते, आणि न्यास हा उत्तराइतकाच महत्त्वाचा टप्पा मानिलेला असतो. शालेय पुस्तकात आधी अक्षरांची समीकरणे येतात, त्यांच्या लोपाचा भरपूर सराव होतो, आणि शाब्दिक उदाहरणे प्रकरणाच्या शेवटी, उपयोग म्हणून, जोडिली जातात. परिणामतः विद्यार्थ्याची अशी समजूत होते की लोप हे मुख्य काम असून वाक्ये वाचणे हा केवळ उपद्रव आहे. वस्तुस्थिती याच्या विपरीत आहे. लोपाचे काम दोन हजार वर्षांपूर्वी काड्यांवर सोपविता आले, आणि आज ते यंत्राकडून क्षणार्धात होते. विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयाचे ते हे की, या प्रश्नात अज्ञात कशाला म्हणावे; दिलेली विधाने खरोखर भिन्न आहेत की एकाच गोष्टीची दोन रूपे; ती पुरेशी आहेत की कमी पडतात; आणि कमी पडत असतील तर उत्तर नाही म्हणावे की अनेक आहेत म्हणावे. माणके आणि मोत्यांच्या प्रश्नाने शिष्याला शिकविले ते हेच.

यास्तव वर्गात एखादे उदाहरण घालून त्याचे उत्तर न मागता केवळ न्यासच मागण्याची प्रथा पडली, आणि एकाच उदाहरणाचे दोन अव्यक्तांनी व एका अव्यक्ताने असे दोन न्यास करविण्यात आले, तर ते आधुनिक शिक्षणशास्त्राला सोडून होणार नाही. गुणांची वाटणीही तदनुरूप करावी लागेल, आणि परीक्षकांना ती प्रारंभी जड जाईल, कारण बरोबर उत्तर एकच असते आणि चांगले न्यास अनेक असतात. परंतु चाळीस आणि एकशेसत्तर ही उत्तरे कोणासही काढिता येतात. पहिल्याचे धन दोन यावत्तावत् उणे शंभर मानावे हे ज्याला सुचले, त्याच्या बुद्धीची किंमत परीक्षेने करावयास हवी.